काळ्या मातीतला आस

दुधनेच्या काठच्या शिवारात भाद्रपदातला पाऊस उघडून दोन दिवस झाले आणि वरची माती वाळून तिच्यावर पाऊल ठरू लागले, म्हणजे शेतकऱ्याला वाटते की आता ट्रॅक्टर रानात घालण्यास हरकत नाही. परंतु त्या वाळलेल्या पापुद्र्याखाली हातभर खोलीची माती अजून लोण्यासारखी मऊ असते, आणि मागचे मोठे चाक एकदा तीत रुतले की ते वर काढण्यासाठी इंजिनाने लावलेला सारा जोर ज्या एका पोलादी दांड्यावर येऊन ठेपतो, तो दांडा म्हणजे त्या वाहनाचा आस. कुणी त्याला आख म्हणतात, जुनी माणसे कणा म्हणतात, गॅरेजात त्याचे नाव एक्सल. इंजिनाचा आवाज ऐकू येतो, टायरची झीज डोळ्यांना दिसते, बॅटरी उतरली तर गाडी सुरूच होत नाही. आस मात्र नळीच्या आत, तेलात आणि काळोखात, आपले काम निमूटपणे करीत असतो, आणि म्हणूनच त्याची जेवढी हयगय होते तेवढी वाहनाच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवाची होत नाही. या हयगयीची कारणे काय, तिचे परिणाम कोणते, आणि आस राखण्याची व बदलण्याची योग्य रीत कोणती, यांचा आढावा जालना जिल्ह्याच्या अनुभवावरून घ्यावा, असा या लेखाचा हेतू आहे.

रस्ता सोडून चालणारे वाहन म्हटले की शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे डोंगर चढणारी एखादी हौशी जीप उभी राहते. अशी वाहने आमच्याकडेही आली आहेत, आणि त्यांच्याविषयी पुढे लिहिणे आहेच. परंतु जालना, बदनापूर, भोकरदन, जाफराबाद, अंबड, घनसावंगी, परतूर आणि मंठा या आठ तालुक्यांत रस्त्यावाचून चालणे ही हौसेची बाब कधीच नव्हती. गावापासून रानापर्यंतचा मैल-दोन मैलांचा प्रवास पाणंदीने, बांधावरून, ओढ्यातून होतो; तो पूर्वी बैलगाडीने होत असे, मग जीपने होऊ लागला, आता ट्रॅक्टर-ट्रॉलीने आणि पिकअप गाडीने होतो. वाहने बदलली; वाट आणि माती यांत फरक पडला नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाची युगानुयुगे झीज होऊन बनलेली ही माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आक्रसून तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कारण तिच्यातली मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती पाण्याचा अंश आपल्या पापुद्र्यांच्या मधोमध शोषून घेते. ओली असता ती चाकाला धरून ठेवते, वाळल्यावर तिच्यातली चाकोरी दगडासारखी टणक होऊन प्रत्येक खेपेला आसाला हिसका देते. एकाच जमिनीने एका हंगामात पीळ आणि दुसऱ्या हंगामात दणका द्यावा, अशी ही दुहेरी परीक्षा आहे.

बैलगाडीच्या काळात या परीक्षेला उत्तर ठरलेले होते. चाकाचा तुंबा बाभळीचा, त्यात आरे, आऱ्यांवर पाटे, पाट्यांवर लोहाराने तापवून चढवलेली धाव, आणि तुंब्यातून आरपार गेलेला आस. चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ. साट्याखाली वंगणाचे नळकांडे टांगलेले असे, आणि एरंडेल तेलात काजळी कालवून केलेले ते काळे वंगण आसाला चोपडल्याखेरीज शहाणा गाडीवान लांबच्या मजलेला गाडी जुंपीत नसे. चाक कुरकुरू लागले तर वाटेतला कोणीही परका मनुष्य हाक मारून सांगे, कारण कोरड्या आसाचा भार बैलांच्या खांद्यावर पडतो हे सगळ्यांना ठाऊक होते. सुतार आणि लोहार हे गावचे बलुतेदार. गाडीची डागडुजी त्यांच्या हक्काच्या बलुत्यात मोडे, आणि आसाची पाहणी हा वर्षाच्या कामांतला एक नेमलेला भाग होता. त्या व्यवस्थेत अन्यायही पुष्कळ होता, आणि ती परत यावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु एवढे नमूद करणे अवश्य आहे की लाकडी गाडीच्या आसाला जेवढी नित्याची निगा मिळाली, तेवढी तिच्याहून कित्येक पट जोर सोसणाऱ्या यंत्राच्या आसाला आज मिळत नाही.

या स्थित्यंतराला वेग आला तो कालव्याने. जायकवाडी प्रकल्पाची पायाभरणी १९६५ साली पैठणला लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी धरणाचे उद्घाटन केले. गोदावरीच्या डाव्या तीरावरून निघालेला दोनशे किलोमीटरहून लांब कालवा अंबड, घनसावंगी व परतूर तालुक्यांतून पुढे परभणीकडे गेला, आणि जेथे ज्वारी-बाजरीवर संतोष मानला जात होता तेथे ऊस उभा राहिला. अंकुशनगरच्या समर्थ सहकारी साखर कारखान्यासारखे कारखाने आले. उसाचा हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, आणि बागायती रान त्या वेळी कोरडे नसते. पाण्याची पाळी नुकतीच दिलेल्या फडातून भरलेली ट्रॉली ओढून काढणे म्हणजे पावसाळा संपल्यावर पुन्हा पावसाळ्यातच गाडी घालणे होय. कोरडवाहू जिल्ह्यातला आस पूर्वी चार महिने चिखल पाहत असे, बागायतीने तो आठ महिने दाखवला. याच फडांत टायरगाडी आली, म्हणजे लाकडी चाकांच्या जागी हवेची चाके आणि तुंब्याच्या जागी बेअरिंग बसवलेली बैलगाडी. तिने बैलांचे कष्ट कमी केले असे दिसते. प्रत्यक्षात ओढणे हलके झाल्याबरोबर तिच्यावर ऊसही जास्त रचला जाऊ लागला, आणि वाचलेले कष्ट आसाच्या आणि बैलांच्याच वाट्याला परत आले.

जीपची हकीकत निराळी आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलीज कंपनीने बनवलेली ही छोटी गाडी युद्धानंतर १९४७ साली मुंबईस महिंद्र कंपनीने जोडण्यास घेतली, आणि पुढे कित्येक दशके तहसील कचेरी, पाटबंधारे खाते, पोलीस ठाणे आणि निवडणुकीचा प्रचार यांचे वाहन म्हणजे जीप असे समीकरण महाराष्ट्रात रूढ झाले. सरकारी लिलावातून निघालेल्या जीपा मग खेड्यांतून प्रवासी वाहतुकीला लागल्या, आणि सहा-सात माणसांसाठी बनवलेल्या गाडीत पंधरा-सोळा माणसे बसू लागली. विलीजच्या सीजे-३बी जातीच्या जीपेचे गणित पाहण्यासारखे आहे. पहिल्या गियरमध्ये इंजिनाचा पीळ, म्हणजे टॉर्क, २.८० पट होतो. चारही चाकांसाठी असलेल्या हलक्या गतीच्या गियरमध्ये तो आणखी २.४६ पट वाढतो. आणि मागच्या गोळ्यातले, म्हणजे डिफरन्शियलमधले, क्राउन-पिनियन त्याला ५.३८ पट करते. तिन्हींचा गुणाकार सुमारे ३७ येतो. घर्षणात जाणारा अंश वजा केला तरी इंजिनाने दिलेला पीळ तीसपटीहून अधिक होऊन आसांकडे येतो, आणि एक चाक चिखलात घट्ट अडकले असता चालकाने क्लच एकदम सोडला, म्हणजे त्या पिळाचा मोठा वाटा एका क्षणात, झटक्याने, अंगठ्याहून थोड्या जाड दांड्यावर पडतो.

आता या दांड्याच्या बळाचा एक नियम असा की ते जाडीच्या घनाच्या प्रमाणात असते. आस दहा टक्क्यांनी बारीक झाला तर त्याचे बळ दहा टक्क्यांनी कमी होत नाही, ते सुमारे सत्तावीस टक्क्यांनी घटते. जेथे ऑइल सीलची कड वर्षानुवर्षे घासून आसावर बारीक खोबण पाडते, जेथे चाकाचा हब पक्का धरणाऱ्या किल्लीसाठी चर कापलेला असतो, जेथे दाते संपून गोल अंग सुरू होते, तेथे तेथे हा नियम आपला हिशेब चुकता करून घेतो. आणि कापलेल्या चराच्या कोपऱ्याशी ताण कित्येक पटींनी गोळा होत असल्यामुळे प्रत्यक्ष तडा बहुतेक वेळा तेथूनच जातो.

जालन्याहून अंबडकडे जाणाऱ्या रस्त्यालगत पत्र्याच्या छपराखाली चालणाऱ्या एका गॅरेजात मी एकदा असाच तुटका आस पाहिला, आणि या विषयाकडे माझे लक्ष गेले ते त्या दिवसापासून. मिस्त्रीने तो बाकावर ठेवला, रॉकेलच्या बोळ्याने तुटलेले तोंड पुसले आणि उन्हाकडे करून माझ्या हाती दिला. त्या रुपयाएवढ्या तोंडावर दोन निरनिराळे प्रदेश स्पष्ट दिसत होते. एका कडेला चराच्या कोपऱ्यापासून सुरू होऊन अर्ध्याहून अधिक भाग गुळगुळीत आणि काळपट होता, आणि त्यावर ओसरत्या पाण्याने वाळूवर उमटवाव्यात तशा कमानदार रेघा एकीमागे एक गेलेल्या होत्या. उरलेला भाग मात्र फोडलेल्या खडीसाखरेसारखा खरबरीत आणि चकचकीत होता. मिस्त्री म्हणाला, “काका, मालक म्हनतो काल तुटला. काल राहिलेला तुटला. बाकीचा तर कव्हाच तुटला व्हता.”

हे एवढे निदान युरोपातल्या विद्वानांना समजायला एक भयंकर अपघात आणि पंचवीस-तीस वर्षांची मेहनत लागली होती. ८ मे १८४२ रोजी व्हर्सायहून पॅरिसला परतणाऱ्या आगगाडीच्या इंजिनाचा आस तुटला, डबे एकमेकांवर चढले, त्यांनी पेट घेतला आणि पन्नासहून अधिक माणसे मरण पावली. पहिल्याने समज असा झाला की वारंवारच्या धक्क्यांनी लोखंडाचे अंतरंगच बदलून ते दाणेदार, ठिसूळ होते. स्कॉटलंडच्या रँकिन या अभियंत्याने तुटके आस तपासून दाखवले की धातू तोच असतो, तडा मात्र कोपऱ्यापासून हळूहळू आत सरकतो. त्यानंतर आउगुस्ट व्होलर या जर्मन रेल्वे अभियंत्याने आस फिरवून फिरवून, लक्षावधी फेऱ्या मोजून, १८७० पर्यंत सिद्ध केले की एका खेपेस जो भार पोलाद सहज पेलते, तोच भार पुनःपुन्हा येत राहिला तर ते तुटते. आणि एका विशिष्ट मर्यादेखाली भार ठेवला तर ते जवळजवळ अनंत काळ टिकते. वारंवारच्या भाराने असे तुटण्यालाच धातूचा थकवा म्हणतात. अंबड रस्त्यावरच्या मिस्त्रीने व्होलरचे नाव ऐकलेले असण्याचा संभव नाही. परंतु तुटक्या तोंडावरच्या रेघा वाचून तो जे सांगतो ते तंतोतंत व्होलरचेच म्हणणे आहे. आपल्याकडे कारागिराचे असे ज्ञान कोणत्याही दप्तरात नोंदले जात नाही, याचे मला फार वाईट वाटते.

या ज्ञानावरून जो निष्कर्ष निघतो तो देखभालीच्या साऱ्या प्रश्नाचा पाया आहे. आस तुटल्यावर चालकाला दोष दिला जातो, शेवटच्या खड्ड्याला दोष दिला जातो, क्वचित दैवाला. पण तड्याची सुरुवात कित्येक महिने अगोदर झालेली असते, आणि त्या महिन्यांत कुणीतरी चाक उतरवून पाहिले असते तर ती दिसली असती.

निगेची पहिली बाब तेलाची. मागच्या गोळ्यात आणि आसाच्या नळीत जे जाड गियर तेल असते त्याची पातळी पाहण्यासाठी बाजूला एक बूच असते. गाडी सपाट जागी उभी करून बूच काढावे, करंगळीचे पेर आत घालावे आणि तेल काठाला लागते की नाही ते पाहावे, एवढेच हे काम आहे. ते न होण्याचे कारण आळस नसून अज्ञान आहे, असे मला बहुतेक ठिकाणी आढळले. इंजिनाचे तेल बदलायचे असते हे सर्वांस ठाऊक आहे, गोळ्यातले तेल मात्र गाडीच्या जन्मापासूनचे असते. खालचे बूच पुष्कळदा चुंबकाचे असते, आणि ते काढले की त्याला चिकटलेला कीस आतली हकीकत सांगतो. बोटांत चोळल्यावर मेणासारखा लागणारा करडा लगदा ही नेहमीची झीज होय; त्यात सुईसारखे तुकडे किंवा चकत्या आढळल्या तर बेअरिंग वा दाते जात आहेत असे समजावे आणि पुढचा हंगाम सुरू करण्याअगोदर गोळा उघडावा.

दुसरी बाब पाण्याची, आणि नदीकाठच्या गावांत तिच्याइतकी महत्त्वाची दुसरी नाही. भरल्या ट्रॉलीसह दोन-तीन कोस चाललेल्या ट्रॅक्टरचा आस आणि गोळा तापलेला असतो, आतली हवा प्रसरण पावलेली असते. तशा अवस्थेत वाहन एकदम दुधनेच्या किंवा पूर्णेच्या गार पाण्यात उतरले म्हणजे ती हवा आक्रसते आणि सीलच्या कडेने पाणी आत ओढून घेते. हे टाळण्यासाठी नळीवर हवा ये-जा करण्याचे एक लहान टोपण बसवलेले असते. ते चिखलाने बुजले की पाणी सीलवाटेच शिरते, आणि उलट खेपेस, तापताना, तेल सीलवाटेच बाहेर पडून ब्रेकच्या लायनिंगवर जाते. आत पाणी शिरलेले तेल ताकासारखे पांढुरके दिसते. ते एकदा दिसले की गाळून, निवळून परत घालण्याचा विचार करू नये. तेल टाकून द्यावे, नळी रॉकेलने धुवावी आणि नवे तेल भरावे. ज्या ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात त्यांत हेच तेल ब्रेकांनाही लागते, तेव्हा तेथे कंपनीने सांगितलेल्या जातीखेरीज दुसरे तेल घालणे म्हणजे उतारावर ब्रेक न लागण्याची तजवीज करून ठेवणे होय.

ट्रॉलीच्या आसाला इंजिनाचा पीळ नसतो, नुसता भार असतो. म्हणून तो निर्धोक असे मानतात, आणि ही समजूत सर्वांत घातक आहे. ट्रॉलीला बहुधा स्प्रिंगा नसतात अथवा असल्या तरी त्या ताठ असतात. खड्ड्याचा दणका थेट आसाच्या टोकावर, जेथे तो चौकोनी अंगातून गोल होऊन बेअरिंगमध्ये शिरतो त्या सांध्यावर बसतो. त्या टोकाला धूळ-चिखलापासून राखणारी पत्र्याची टोपी असते. आमच्या भागातल्या बाजारात उभ्या असलेल्या ट्रॉल्या वाचकाने एकदा सहज पाहाव्यात: कित्येकींच्या टोप्या पडलेल्या असतात, त्यांच्या जागी गोडेतेलाच्या डब्याचे झाकण ठोकलेले असते किंवा गोणपाटाची चिंधी कोंबलेली असते, आणि तिच्यातून काळे ग्रीस व काळी माती मिसळून झालेला लगदा ओघळत असतो. मातीतले बारीक कण बेअरिंगच्या रोलरांना कानशीसारखे घासतात. चाक जमिनीवरून उचलून, वर आणि खाली दोन्ही हातांनी धरून हलवले असता जर ते डुगडुगले, तर बेअरिंग सैल झाले आहे किंवा झिजले आहे. हातांनी फिरवले असता खरखर लागली, तर ते गेलेच. हंगामात महिन्यातून एकदा प्रत्येक चाकाला ही पाच मिनिटे देणे कोणालाही अवघड नाही. खंडेनवमीला आम्ही ट्रॅक्टरला हळदकुंकू वाहतो, टायरखाली लिंबू ठेवतो. उसाचा हंगाम त्यानंतर थोड्याच आठवड्यांत सुरू होतो. त्या दिवशी पूजेअगोदर चाके उतरवून बेअरिंगे धुऊन, नवे ग्रीस भरून, नव्या टोप्या बसवण्याचा रिवाज पडावा असे मला मनापासून वाटते, आणि काही घरी तो पडलेलाही मी पाहिला आहे.

आता बदलण्याकडे येऊ. आस बदलताना पहिला प्रश्न असा की तो कोणत्या घडणीचा आहे. ज्या गाडीत चाकावरचे वजन नळी पेलते आणि आस फक्त पीळ देतो, तिथे तुटलेला आस बाहेर ओढून गाडी ओढत घरी नेता येते. महायुद्धातल्या मूळ जीपेची रचना अशी होती. ज्या गाडीत आस पीळही देतो आणि चाकावरचे वजनही तोच धरतो, तिथे तो तुटला म्हणजे चाक आसाच्या तुकड्यासह बाहेर निघण्याचा धोका असतो. पुढच्या नागरी जीपांत मागचा आस असा दुहेरी कामाचा झाला, त्याच्या निमुळत्या टोकावर हब किल्लीने बसवलेला आणि नटाने आवळलेला असे, आणि तो नट जराही ढिला राहिला की किल्ली चरात खेळून चराच्या कोपऱ्यात तडा पाडी. अंबड रस्त्यावर मी हाती घेतलेला तुकडा याच जातीचा होता. नट किती आवळावा याचे माप ठरलेले असते. ते पान्याच्या लांबीवर आणि मिस्त्रीच्या दंडावर सोपवू नये, माप दाखवणारा टॉर्क पाना वापरावा.

काम करण्याची रीत अनुभवी मिस्त्रीला सांगावी लागत नाही, परंतु मालकाने ती जाणून उभे राहावे, म्हणून लिहितो. जमीन टणक आणि सपाट असावी. दुसऱ्या चाकांना ओंडके लावावेत. जॅकने उचललेले वाहन केवळ जॅकवर न ठेवता स्टँडवर किंवा जाड लाकडी ठोकळ्यांवर टेकवावे, कारण काळ्या मातीत जॅक केव्हा कलेल याचा नेम नाही. जुना आस बाहेर आल्यावर त्याचे दाते पाहावेत. ते सरळ रेषेत न राहता दोरीला पीळ बसावा तसे किंचित वळलेले दिसले तर त्या बाजूचा आस तुटलेला नसतानाही निकामी झाला आहे. उजवा आणि डावा आस लांबीला सारखेच असतील असे गृहीत धरू नये. सील दर खेपेस नवे घालावे. बेअरिंग हातोडीने बाहेरच्या कड्यावर ठोकून बसवू नये, दाबयंत्राने आतल्या कड्यावर जोर देऊन बसवावे. आणि एक आस तुटला की नळी वाकली आहे काय ते तपासल्यावाचून नवा घालू नये. वाकलेल्या नळीत बसवलेला नवा आस प्रत्येक फेरीला वाकून सरळ होत राहतो, आणि व्होलरच्या फेऱ्यांची गणती त्याच दिवसापासून सुरू होते.

वेल्डिंगविषयी मात्र मला सविस्तर लिहिले पाहिजे, कारण तो आमच्या घरचा अनुभव आहे. मोसंबीचा हंगाम ऐन भरात असता आमच्या ट्रॉलीच्या आसाचे टोक तुटले. नवा आस मिळण्यास दोन दिवस लागणार होते, व्यापाऱ्याची गाडी दुसऱ्या दिवशी यायची होती; एका कारखान्यात तो तुकडा संध्याकाळपर्यंत जोडून मिळाला, वर कानस मारून जोड इतका सफाईदार केलेला की तो कोठे आहे हे ओळखू येईना. तीन आठवड्यांनी भरलेली ट्रॉली बांधाच्या वळणावर असता आस पुन्हा तुटला, आणि तुटला तो जोडावर नाही, जोडाला लागून बोटभर अंतरावर. ट्रॉली चरात कलंडली, क्रेट विखुरले. क्रेटांवर बसून येणारा पुतण्या त्या दिवशी सुदैवाने ट्रॅक्टरवर पुढे बसला होता. मागाहून मी या गोष्टीचे कारण समजावून घेतले. आसाचे पोलाद हे साध्या सळईसारखे नसते. त्यात कर्ब अधिक असतो, कित्येकदा क्रोमियम-मॉलिब्डेनमसारख्या धातूंची मिश्रणे असतात, आणि इंजिनाचा पीळ सोसणाऱ्या आसांचे वरचे कवच विजेच्या उष्णतेने तापवून एकदम थंड करून कठीण केलेले असते. वेल्डिंगच्या ज्योतीने जोडालगतचा पट्टा लालभडक होतो आणि भोवतीच्या थंड पोलादामुळे तो झपाट्याने निवतो. त्यामुळे तो पट्टा काचेसारखा ठिसूळ होतो, आणि त्यापलीकडे जेथपर्यंत कमी उष्णता पोहोचली तेथवर मूळचे कठीण कवच मऊ पडते. म्हणजे जोड कितीही भक्कम असला तरी त्याच्या दोहों बाजूंना दोन नवे दुबळे भाग तयार होतात. यावर योग्य तापमानाला तापवून जोडणे व नंतर सावकाश निववणे असे उपाय शास्त्रात आहेत. रस्त्याकडेच्या भट्टीत ते होत नाहीत. त्या कारखानदाराने फसवले असे मी म्हणत नाही. आम्ही जे मागितले ते त्याने केले. मागणारे आम्ही चुकलो. तुटलेला आस जोडू नये, बदलावा, आणि हे वाक्य मी त्या पुतण्याचा चेहरा आठवून लिहीत आहे.

नवा आस कोठला घ्यावा, हा प्रश्न जालन्यात थोडा चमत्कारिक वाटेल, कारण हे गाव पोलादाचे. येथल्या औद्योगिक वसाहतीत देशभरातले भंगार येते, विजेच्या भट्ट्यांत वितळते आणि बांधकामाच्या सळया होऊन बाहेर पडते. "जालना, सोने का पालना" ही जुनी म्हण आता या सळयांवर सांगितली जाते. त्यावरून कित्येक शेतकऱ्यांची अशी समजूत झाली आहे की आससुद्धा येथेच, येथल्या पोलादाचा करून घेता येईल. ही समजूत सोडली पाहिजे. सळईला वाकण्याचा गुण लागतो, आसाला थकव्याला दाद न देण्याचा. दोहोंचे रसायन आणि घडण भिन्न आहे. आस तापलेले पोलाद प्रचंड दाबाखाली साच्यात ठोकून घडवतात, जेणेकरून धातूचे तंतू आकाराच्या अंगाने वळतात. पुण्याजवळ मुंढव्याला भारत फोर्ज, कर्नाटकात म्हैसूरला ऑटोमोटिव्ह एक्सल्स, पंजाबात जीएनए यांसारखे कारखाने हे काम करतात. बाजारात यांच्याशेजारीच स्वस्त मालही मिळतो. दुकानात त्याची परीक्षा करण्याचा एक जुना उपाय मिस्त्री करतात: दात्यांच्या आडभागात कानशीचे टोक फिरवून पाहतात, कवच नीट कठीण झालेले असेल तर कानस घसरते, नसेल तर चावते. कानस चावली तर किंमत कितीही कमी असो, आस परत ठेवावा.

हौशी मंडळींविषयी थोडे. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाल्यापासून जालना हे या रस्त्यावरचे ठिकाण झाले, आणि भोकरदन-जाफराबादच्या उत्तरेस अजिंठ्याच्या डोंगररांगांकडे थारसारख्या गाड्या घेऊन जाणारे तरुण अधिक दिसू लागले. त्यांच्यात मोठे टायर चढवण्याची आवड आहे. टायरची त्रिज्या वाढली की चाक अडकल्यावर आसावर येणारा पीळ त्याच प्रमाणात वाढतो, शिवाय चाक बाहेर सरकवण्यासाठी घातलेल्या चकत्यांनी बेअरिंगवरचा भार तरफेसारखा वाढतो. आस मात्र कंपनीने जुन्या टायरच्या हिशेबाने दिलेला असतो. टायर मोठे करायचेच असतील तर आस आणि गियरचे प्रमाण यांचाही त्याच वेळी विचार व्हावा, एवढेच सांगणे आहे.

सरतेशेवटी वाटेचा प्रश्न. आसाची निगा मालकाच्या हाती आहे, पाणंद मात्र नाही. जुन्या नकाशांत दाखवलेल्या गाडीवाटा दोन्ही बाजूंच्या नांगरटीने दरसाल हातभर आत सरकल्या, आणि जेथे दोन गाड्या एकमेकींना ओलांडून जात तेथे आता ट्रॉलीचे एक चाक बांधावर आणि दुसरे चरात अशी अवस्था आहे. कललेल्या ट्रॉलीचा जवळजवळ सारा भार मग एकाच टोकावर पडतो. यावर कायदे आहेत: १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ अन्वये अडवलेला रस्ता मोकळा करून देण्याचा, आणि १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम १४३ अन्वये बांधावरून वहिवाटीचा हक्क ठरवून देण्याचा अधिकार तहसीलदारास आहे. २०२१ साली सरकारने मातोश्री ग्रामसमृद्धी योजनेखाली शेत-पाणंद रस्त्यांचे काम रोजगार हमीतून करण्याचे ठरवले, आणि ज्या गावांनी भाऊबंदकी बाजूस ठेवून जागा मोकळी करून दिली तेथे मुरूम पडला. आमच्या शेजारच्या शिवारातल्या अशा एका पाणंदीवर मी गेल्या वर्षी दिवाळीनंतर उभा होतो. पंचनाम्यानंतर मोकळी झालेली वाट बारा-तेरा हात रुंद भरत होती, रोलर नुकताच फिरून गेला होता, आणि समोरून उसाच्या दोन ट्रॉल्या घेऊन येणारा ट्रॅक्टर एका गतीने, न कलता आला. चालक ओळखीचा निघाला. त्याने थांबून मागच्या ट्रॉलीच्या चाकाकडे बोट दाखवले; टोपी नवी होती, आणि तिच्या कडेला ग्रीसची पातळ, स्वच्छ, पिवळसर रेघ दिसत होती.